माजी विद्यार्थिनींचं मंडळ कसं चालवावं: एक काम, दोघीदोघींनी

शाळेच्या मैत्रिणींचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला की सुरुवातीचे दिवस फार छान जातात. जुने फोटो निघतात, बाईंच्या आठवणी येतात, गंगापूर रोडला एखाद्या हॉटेलात सगळ्या जमतात आणि त्या संध्याकाळवर महिनाभर गप्पा चालतात. मग हळूहळू सुप्रभातचे संदेश आणि वाढदिवसाचे केक एवढंच उरतं. प्रेम कमी झालेलं नसतं, पुन्हा भेटायला कारण सापडत नाही.

मी बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झाले आणि जुन्या नाशकातल्या आमच्या मुलींच्या शाळेच्या माजी विद्यार्थिनी मंडळाची खजिनदार आहे. आपल्या शाळेचं किंवा कॉलेजचं असं मंडळ काढू पाहणाऱ्या बायकांचे फोन येतात. "ताई, सुरुवात कुठून करू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. एक काम धरा, वर्षानुवर्षं सोडू नका आणि ते दोघीदोघींनी करा. मैत्री त्या कामात वाढते. नोंदणी, पदाधिकारी, एकसारख्या साड्या या सगळ्याला नंतर भरपूर वेळ आहे.

बॅच बाजूला ठेवा, गाव धरा

बहुतेक मंडळं बॅचवर अडकतात. एका बॅचच्या सगळ्या एकाच वयाच्या. म्हणजे सगळ्यांच्या घरी दहावी-बारावी एकदम, सासूसासऱ्यांची आजारपणं एकदम, मुलींची बाळंतपणं एकदम. अशा मंडळाचं काम दर काही वर्षांनी पूर्ण थांबतं आणि एकदा थांबलेलं काम पुन्हा उभं करायला दुप्पट ताकद लागते.

आमच्यातली एक अमेरिकेत असते. तिनं तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या सोरॉरिटींबद्दल, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या भगिनी-संघटनांबद्दल, आम्हाला सांगितलं. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १३ जानेवारी १९१३ रोजी २२ विद्यार्थिनींनी डेल्टा सिग्मा थीटा ही संघटना काढली आणि दोन महिने व्हायच्या आत, ३ मार्चला, त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालल्या. पदवी मिळाली म्हणून तिथलं सभासदत्व संपत नाही. शिक्षण झाल्यावर ज्या गावी राहायला जाल तिथल्या माजी विद्यार्थिनींच्या शाखेत काम करायचं, मग तुम्ही पंचविशीच्या असा की सत्तरीच्या. आम्ही तेवढं उचललं. आमच्या मंडळात यायला शाळा कोणत्या साली सोडली हे विचारत नाही, नाशकात कुठे राहता हे विचारतो. दहावीला शाळा सुटलेलीही आमचीच. वयानं मोठी ती ताई, बरोबरीची ती नावानं, मॅडम कुणीच नाही. निवृत्त मुख्याध्यापिकाही ताई आणि सिडकोत ब्लाऊज शिवणारीही ताई. ही गोष्ट पहिल्याच बैठकीत स्पष्ट बोलून टाका. नंतर सांगायला गेलं की कुणाला तरी ते लागतं.

बैठक कुणाच्या घरी ठेवू नका. हे मी फार आग्रहानं सांगते. पाळीपाळीनं घरी बोलावायचं ठरलं की दोन खोल्यांत राहणारी, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेली, सासरी मोकळीक नसलेली पुढच्या वेळेपासून येत नाही आणि कारणही सांगत नाही. शिवाय पदार्थांची चढाओढ सुरू होते. शाळेचा एक वर्ग मागून घ्या. चहा आणि चिवडा, त्यापलीकडे काही नाही. दुसरा शनिवार, दुपारी तीन ते पाच. बँकांना त्या दिवशी सुट्टी असते, आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या आत प्रत्येक जण घरी पोचते.

काम कसं निवडायचं

फळवाटप, एक दिवस रामकुंडाची स्वच्छता, पावसाळ्यात झाडं लावणं. पहिल्या बैठकीत हीच नावं येतात. या कामांना मी नावं ठेवत नाही, पण मंडळ त्यावर उभं राहत नाही. केळी वाटून झाली की आपण घरी आणि ती माणसं तिथेच. पुढच्या महिन्यात आपण गेलो नाही तर कुणाचं काही अडत नाही. जिथे आपण गेलो नाही तर कुणाचं तरी अडेल, असं काम शोधा.

त्यासाठी मंडळातल्या बायकांना काय येतं ते आधी पाहा. आमच्याकडे बँकेतल्या होत्या, तहसील कार्यालयात कारकून म्हणून आयुष्य गेलेली होती, शिक्षिका होत्या, शासकीय रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका होत्या. आणि कितीतरी गृहिणी होत्या, ज्यांनी घरातल्या सगळ्यांचे कागद आयुष्यभर फाइलमध्ये नीट लावून ठेवले. म्हणजे आमच्याकडे पैसा थोडा आणि कागदांची जाण भरपूर.

दुसरीकडे पेठ, सुरगाणा, हरसूलकडून अकरावीला आणि कॉलेजला नाशकात येणाऱ्या मुली. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात राहतात, हुशार असतात आणि एका दाखल्यासाठी त्यांची शिष्यवृत्ती अडते. राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय आपल्या नाशकात आहे, तरी सतरा वर्षांच्या मुलीला कोणत्या टेबलावर जायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. तिच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली बहुधा तीच पहिली. आम्ही हे काम धरलं.

तुमच्या शहरात, तुमच्या मंडळात वेगळं काही निघेल. पण आमचं काम तपशिलात सांगते, कारण काम किती बारकाईनं करावं लागतं ते त्यातून कळेल.

कागदांच्या कामाची रीत

वसतिगृहात परस्पर जाऊ नका. गृहपाल बाईंना भेटा आणि आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाला मंडळाच्या नावानं लेखी पत्र द्या. आपल्या जिल्ह्यात अशी दोन प्रकल्प कार्यालयं आहेत, नाशिक आणि कळवण. पेठची मुलगी नाशिक प्रकल्पात येते, सुरगाण्याची कळवणमध्ये. हे माहीत नसलं तर मुलीचा अख्खा दिवस चुकीच्या दारात जातो. परवानगी मिळायला वेळ लागतो. मागे लागा, पण गृहपालांशी कधी वाकडं घेऊ नका. मुली त्यांच्या जबाबदारीवर असतात आणि अनोळखी बायकांना आत सोडताना त्यांनी चार प्रश्न विचारलेच पाहिजेत.

पहिल्या भेटीत फॉर्म काढू नका. मुलीच्या हातातले सगळे कागद सतरंजीवर मांडा आणि प्रत्येकावरचं नाव मोठ्यानं वाचा. आधारवर एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं, बँकेच्या पासबुकात तिसरं. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसरीकडे घरात हाक मारतात तसं. निम्म्या अडचणी इथेच सापडतात. कोणता कागद बरोबर धरायचा हे मुलीशी बोलून ठरवा. साधारणपणे शाळेचा दाखला प्रमाण धरून बाकीचे त्याप्रमाणे दुरुस्त करून घेणं सोपं जातं.

मग बँक. इथे माझा जीव अडकलेला असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. "माझं आधार बँकेला दिलंय" असं प्रत्येक मुलगी सांगते. खातं उघडताना ओळखीसाठी आधारची प्रत दिली म्हणजे शिष्यवृत्तीचे पैसे त्या खात्यात येतील असं नाही. महाडीबीटीचे, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे, पैसे आधार क्रमांकावरून येतात. तो क्रमांक एनपीसीआयच्या (बँकांमधली देवघेव सांभाळणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत सगळ्यात शेवटी ज्या बँकेशी जोडला गेला, त्या बँकेत ते जमा होतात. कितीतरी मुलींचं आश्रमशाळेत असताना एक खातं उघडलेलं असतं, नाशकात आल्यावर दुसरं. पैसे पहिल्या खात्यात जातात आणि ते खातं दोन वर्षं व्यवहार नसल्यामुळे निष्क्रिय झालेलं असतं. मुलीला वाटतं शिष्यवृत्ती आलीच नाही. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती पाहता येते. फॉर्म भरण्याच्या आधी ती पाहा. जोडणी दुसऱ्या बँकेत हवी असेल तर त्या शाखेत मुलीनं स्वतः अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. एका शाखेत आमच्या मुलीला तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा आमच्यातली एक जण तिच्या शेजारी नुसती बसून राहिली आणि अर्धा तासात काम झालं. शेजारी बसणं हेसुद्धा या कामातलं मोठं काम आहे.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. त्यासाठी घरच्या माणसानं तलाठ्याकडे जावं लागतं. आता खरी गोम अशी, की पेठ-सुरगाण्याकडची पुष्कळ कुटुंबं दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात आणि होळीला घरी परततात. मुलीचे आईवडील गावात कधी असतील हे विचारून त्याप्रमाणे कागद गोळा करण्याचं वेळापत्रक करा. आम्ही होळीचा आठवडा धरतो. होळीला गावी जाणाऱ्या प्रत्येक मुलीच्या हातात एक चिठ्ठी असते: वडिलांनी कोणते कागद घेऊन कुणाकडे जायचं, मोठ्या अक्षरांत, एका बाजूला. एप्रिल उजाडला की त्याच कागदांवर नव्या वर्षाचा दाखला निघतो.

जात वैधतेला, म्हणजे जातीच्या दाखल्याच्या पडताळणीला, सगळ्यात जास्त वेळ लागतो. बारावीनंतर नर्सिंगला किंवा अभियांत्रिकीला जायचं असेल तर अकरावीतच सुरुवात करा. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा हवा असतो. म्हणजे आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, नाहीतर गाव नमुना १४ मधली, म्हणजे कोतवाल बुकातली, जन्ममृत्यूची नोंद. आजोबा शाळेतच गेले नसतील तर कोतवाल बुकातली ती एक ओळ फार मोलाची. वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाची वैधता आधी झालेली असेल तर त्याची प्रत मिळवा, वाट बरीच सुकर होते. आमच्या तहसीलवाल्या ताईंना हे सगळं तोंडपाठ आहे. त्या एका मुलीच्या पणजोबांची मोडीतली नोंद वाचून देणाऱ्या गृहस्थांना स्वतः जाऊन भेटल्या, वयाच्या सत्तरीत. नोंद सापडली तेव्हा ती मुलगी रडली आणि ताईही रडल्या.

आपल्या शाळेच्या शहरातल्या मुलींनाही विसरू नका. २०२४-२५ पासून राज्यात आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या, आर्थिक दुर्बल घटक, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पात्र असूनही घरच्यांनी "एवढी फी कुठून आणायची" म्हणून मुलीला साध्या पदवीला घातल्याचं आम्ही पाहिलंय.

दोन गोष्टी कधीच करायच्या नाहीत. मुलीचे कागद आपल्या मोबाइलमध्ये ठेवायचे नाहीत आणि ग्रुपवर तर मुळीच टाकायचे नाहीत. काम झालं की तिच्यासमोर फोटो पुसायचा. ओटीपी आणि पासवर्ड तिनं स्वतः टाकायचे, आपण तोंड फिरवायचं. दुसरं, मदत घेताना मुलीचा फोटो काढायचा नाही. वर्तमानपत्रात बातमी यावी असं कुणाला वाटलं तर बातमीत आपले चेहरे असू देत.

जोड्या

प्रत्येक वसतिगृहाला एक जोडी, एक वयानं मोठी आणि एक तरुण. मोठीला कार्यालयांची भाषा येते आणि दुपारी वेळ असतो, धाकटीला पोर्टल चालवता येतं आणि तिच्याकडे स्कूटर असते. जोडी वर्षभर बदलायची नाही. सीबीएस बसस्थानकाजवळच्या कलेक्टर कचेरीत रांगेत दोन तास उभं राहिल्यावर दोन बायका एकमेकींना जे सांगतात ते गेट-टुगेदरला कधी सांगत नाहीत. नवऱ्याची नोकरी गेलेली, मुलाचं लग्न मोडलेलं, छातीत लागणारी गाठ. आमच्यातल्या एकीनं ती गाठ रांगेतच धाकटीला सांगितली, आणि धाकटी तिला तिथूनच तपासणीला घेऊन गेली. म्हणूनच एकटीनं काम करण्याची परवानगी आम्ही कुणालाच देत नाही, कितीही उत्साही असली तरी.

वर्ष संपलं की जोड्या नव्यानं लावा. त्याच दोघी पुन्हा एकत्र राहायचं म्हणाल्या तर प्रेमानं नाही म्हणा.

पैसे

थोडक्यात सांगते. महिना शंभर रुपये वर्गणी. ज्यांची स्वतःची मिळकत नाही त्यांच्यावर नवऱ्याकडे पैसे मागायची पाळी येऊ देऊ नका, त्यांनी वर्गणीऐवजी वेळ द्यावा. कुणी वर्गणी दिली आणि कुणी वेळ दिला, हे फक्त खजिनदाराला माहीत. खातं मंडळाच्या नावानं, तिघींपैकी दोघींच्या सह्या. रोख फारशी घ्यायचीच नाही, दोन हजारांवर तर कधीच नाही. झेरॉक्स, बसभाडं, स्टँप, प्रत्येकाची पावती. दर बैठकीत हिशोब मोठ्यानं वाचायचा, दहा रुपयांचा फरक असला तरी सांगायचा. मैत्रिणी आहोत म्हणून हिशोब नको, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मैत्री टिकायला हवी म्हणूनच हिशोब हवा.

नोंदणी केव्हा करायची? काम एक वर्ष सलग झाल्यावर. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात त्याचबरोबर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंद होते आणि मग दरवर्षी लेखापरीक्षण आलं. ते करायची तयारी असेल तरच पुढे जा.

परदेशातल्या मैत्रिणी भरभरून द्यायला तयार असतात, तिथे नीट पाहा. भारतीय नागरिकत्व कायम ठेवलेलीनं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय अंशदान, म्हणजे परदेशी देणगी, धरली जात नाही. जिनं तिकडचं नागरिकत्व घेतलं तिची देणगी मात्र परकीय अंशदान ठरते, ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असलं तरी. परकीय अंशदानाच्या २०१० च्या कायद्याखाली मंडळाची नोंदणी नसेल तर ती घेता येत नाही. तिला पैशांऐवजी रविवारी सकाळी एक तास मुलींशी इंग्रजीत बोलायला सांगा. आमच्या दोघी हे करतात आणि मुली त्या तासाची वाट पाहतात.

एकमेकींसाठी

मुलींसाठी धावणारं मंडळ आपल्याच सभासदाच्या दुखण्यात गैरहजर असेल तर ते फार दिवस चालत नाही. आमच्याकडे डबा आणि सोबत अशी दोन पानांची वही आहे. कुणी दवाखान्यात असली की पहिल्या पानावर डब्याची पाळी, दुसऱ्यावर रात्रीच्या सोबतीची. फळं घेऊन आठ जणी एकदम भेटायला जायचं नाही, त्यानं आजारी बाईला दमायला होतं. एकीनं जायचं, काय हवं ते विचारायचं, तेवढंच करायचं.

संक्रांतीचं हळदीकुंकू हा प्रश्न प्रत्येक मंडळात येतोच. बायका जमायला याहून चांगला काळ नाही, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत. पण आपल्यातल्या ज्यांचे नवरे गेले, त्या बायका हळदीकुंकवाच्या दिवशी काहीतरी निमित्त काढून येत नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एक अख्खं गाव करू शकतं तर तीस बायकांना काय अवघड? आम्ही ठरवलं, दारात उभ्या राहणाऱ्या दोघींपैकी एक तीच असेल जिला आजवर बोलावलं गेलं नाही. ती सगळ्यांना हळदीकुंकू लावते आणि तिला सगळ्या लावतात. पहिल्या वर्षी दोन सभासद नाराज होऊन निघून गेल्या. वाईट वाटलं, पण निर्णय बदलला नाही. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या देत नाही, कागद ठेवायची प्लास्टिकची फाइल देतो. वसतिगृहाच्या मुलींनाही तीच मिळते. नवरात्रात भोंडला मात्र वसतिगृहातच करतो. पाटावर हत्ती काढायचा, फेर धरायचा, खिरापत ओळखायला लावायची. मुली मग त्यांची गाणी म्हणतात आणि आम्ही ती शिकतो.

पहिली बैठक

जून-जुलै सोडून सुरुवात करा. त्या काळात प्रवेशाची धांदल असते आणि नव्या बायका गांगरतात. नाशिककरांनी आणखी एक ध्यानात ठेवा: २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची स्नानं आहेत, पंचवटीकडून शहरात येणं-जाणं कठीण होईल. त्या वर्षीचे सगळे दाखले पावसाळ्याच्या आत हातात हवेत.

दहा जणी आल्या तरी पुष्कळ. भाषणं नकोत, पाहुणे नकोत. प्रत्येकीला एक कोरा कागद द्या आणि पाच ओळी लिहायला सांगा. मी कुठे राहते. आठवड्यातला कोणता वेळ खरोखर माझा आहे. मला काय चांगलं येतं. काय करायला मला जमणार नाही, आणि हे लिहिताना संकोच नको. माझ्या अडचणीच्या वेळी कुणाला आणि किती वाजता फोन केलेला चालेल. कागद गोळा करा, त्याच रात्री दोघीदोघींच्या जोड्या लावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक जोडीला तिच्या पहिल्या फेरीची तारीख कळवा.